प्रोस्टेट कॅन्सर आणि आपलं ताट: काय खरं, काय नुसतंच ऐकीव

बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळपासून आमच्या घरात फोन थांबेनात. मामा म्हणाला रोज चार टोमॅटो खायला घाला, आत्याने सांगितलं दूध आजपासून बंद, शेजारच्या काकांनी लक्ष्मणफळाचा फोटो पाठवला, कुणी भोपळ्याच्या बिया आणून दिल्या, आणि या सगळ्यात बाबा गप्प बसून एकच विचारत होते की मी खाण्यात काय चुकलो रे? त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी पुढचे कितीतरी महिने वाचत बसलो, डॉक्टरांना विचारत राहिलो, आणि जे कळलं ते इथे साध्या शब्दांत लिहितोय. कुठलाही एक पदार्थ हा कॅन्सर आणत नाही आणि कुठलाही एक पदार्थ तो घालवत नाही, पण पोटाचा घेर, रोजचं चालणं आणि बिडी-सिगारेट या तीन गोष्टींनी खूप फरक पडतो.

आधी ग्रंथी कुठे असते ते बघू, कारण ते न कळल्यामुळेच निम्मा गोंधळ होतो. प्रोस्टेट, म्हणजे पुस्तकी मराठीत पुरःस्थ ग्रंथी, ही फक्त पुरुषांना असते, तरुणपणी अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची. लघवीच्या पिशवीच्या बरोबर खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वीर्यातला काही द्रव ती बनवते. वय वाढलं की ती बहुतेकांची फुगते, ऐंशीच्या पुढे तर जवळपास सगळ्यांचीच, आणि मग धार बारीक होणं, रात्री तीन-तीन वेळा उठणं, करून आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं हे सुरू होतं. हे साधं फुगणं कॅन्सर नाही आणि त्याचा पुढे कॅन्सर होत नाही. ही फुगवटी नळीच्या लगतच्या भागात येते म्हणून लगेच त्रास देते, कॅन्सर मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या कडेला सुरू होतो, नळीपासून लांब, त्यामुळे सुरुवातीला त्याचं काहीच कळत नाही. म्हणजे ज्याला लघवीचा त्रास आहे त्याला कॅन्सर असेलच असं नाही, आणि ज्याची धार अगदी मस्त आहे त्याला नसेलच असंही नाही.

बाबांचा कॅन्सर खालच्या ग्रेडचा निघाला, ग्लीसन ६, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात त्या मोजमापात खालचा आकडा. डॉक्टर म्हणाले, "काका, हा फार संथ आहे, आत्ता कापाकापी नको, आपण लक्ष ठेवू, ठराविक महिन्यांनी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन मोजायची तपासणी, मधे एमआरआय, लागली तर परत बायोप्सी." घरात सगळे घाबरले की कॅन्सर आहे आणि औषध नाही म्हणजे काय. पण इंग्लंडमध्ये १,६४३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली, कॅन्सर प्रोस्टेटच्या आतच असलेले हे लोक, एका गटाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर फक्त लक्ष, आणि १५ वर्षांनी, म्हणजे २०२३ ला आकडे आले तेव्हा तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले जेमतेम ३ टक्के. लक्ष ठेवलेल्यांत कॅन्सर पसरण्याचं प्रमाण जास्त होतं हेही खरं, पुढे त्यातल्या बऱ्याच जणांनी उपचार घेतलेही, म्हणून लक्ष ठेवणं म्हणजे विसरून जाणं नाही. पण या १५ वर्षांत गेले त्यातले बहुतेक जण दुसऱ्याच कशाने तरी गेले. साठी-सत्तरीतल्या माणसाला प्रोस्टेटइतकीच काळजी हृदयाची घ्यावी लागते, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

आता खाण्यावर संशय मुळात आला कुठून? जपानमध्ये हा कॅन्सर पूर्वी फार कमी दिसायचा. पण जपानमधून हवाई आणि कॅलिफोर्नियात गेलेल्या लोकांमध्ये त्याचं प्रमाण वाढलेलं सापडलं. माणसं तीच, जीन्स तेच, बदललं काय तर जगण्याची तऱ्हा, ताट आणि काम. तिथे तपासण्या जास्त होतात म्हणून काही केसेस जास्त सापडतात, तो भाग आहेच, पण सगळं त्यावर ढकलता येत नाही. आपल्याकडेही हा खेड्यांपेक्षा शहरांत जास्त दिसतो, पुणे, मुंबई, दिल्ली, बेंगळुरूच्या कॅन्सर नोंदण्यांमध्ये पुरुषांच्या कॅन्सरमध्ये प्रोस्टेट आता अगदी वरच्या नंबरांत आहे.

पण "ताट बदललं" म्हणजे नेमकं काय बदललं, तर सगळ्यात पक्का पुरावा चरबीवर येऊन थांबतो. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाने २०१४ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की जास्त वजनामुळे पसरलेल्या किंवा वाढलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढतो. इथे बारीक फरक आहे, वजनाने एकूण प्रोस्टेट कॅन्सर होण्याचा धोका फारसा हलत नाही, पण जो जीवघेणा प्रकार आहे त्याचा वाढतो. का होतं हे? पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही, ती शरीरात सतत बारीक सूज ठेवते, इन्सुलिन चढं ठेवते, आणि चढं इन्सुलिन म्हणजे पेशींना वाढण्याचा निरोप, मग तो निरोप चांगल्या पेशीला मिळतो तसाच बिघडलेल्या पेशीलाही मिळतो. शिवाय जाड माणसाच्या अंगात रक्तच जास्त असतं, त्यामुळे पीएसए त्यात पातळ होऊन आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येऊ शकतो, आणि निदानाला उशीर होतो.

आपल्या लोकांना हे जास्त लागू आहे कारण आपलं वजन हातापायांवर दिसत नाही, ते पोटावर बसतं. म्हणून भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात आणि बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजतात. बाबा अंगाने बारीक, हात काडीसारखे, सगळे म्हणायचे यांना कुठे चरबी, आणि टेप लावली तर बेंबीवर ९७. पॅन्टचा साइज बघू नका, पॅन्ट पोटाच्या खाली बांधतात, टेप बेंबीपाशी लावा.

यानंतर गोळ्यांची गोष्ट सांगतो, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८५ ते १९९३ या काळात फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन देऊन बघितलं, हेतू होता फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो का बघायचं. तो कमी झाला नाही, उलट बीटा कॅरोटीनने वाढला. पण व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर तिसऱ्या हिश्श्याने कमी सापडला. १९९६ मध्ये अमेरिकेत सेलेनियमच्या एका चाचणीतही असंच अनपेक्षितपणे प्रोस्टेटचं प्रमाण कमी दिसलं. सगळ्यांना वाटलं उपाय सापडला. मग २००१ पासून अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोमध्ये ३५,५३३ पुरुषांवर सिलेक्ट नावाची चाचणी सुरू झाली, कुणाला व्हिटॅमिन ई ४०० युनिट, कुणाला सेलेनियम, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती खोटी, आत औषध नसलेली गोळी. २००८ ला गोळ्या थांबवाव्या लागल्या कारण फायदा काहीच दिसेना. आणि २०११ ला जेव्हा पुढचे आकडे आले तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेतलेल्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे हजार पुरुषांत सात वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्या ६५ जणांना झाला तर व्हिटॅमिन ई वाल्या ७६ जणांना. ज्यांच्या अंगात सेलेनियम आधीच भरपूर होतं त्यांना वर सेलेनियम दिल्यावर जोरदार प्रकारच्या कॅन्सरचा धोका जवळपास दुप्पट झाला, हे आणखी नंतर कळलं.

आपल्याकडे ती हिरवी ४०० ची कॅप्सूल केसांसाठी, पायात गोळे येतात म्हणून, चेहऱ्यासाठी, कशालाही घेतात आणि वर्षानुवर्षं घेतात. बाबांच्या डब्यातसुद्धा होती, कुणी लिहून दिली कुणालाच आठवत नव्हतं. मी डॉक्टरांना दाखवली, त्यांनी थांबवली. जेवणातल्या शेंगदाण्यातून, तेलातून मिळणारं व्हिटॅमिन ई वेगळी गोष्ट आहे, त्याची भीती नको. व्हिटॅमिन डी आणि माशाच्या तेलाचंही तसंच, २५ हजारांहून जास्त लोकांवर चाचणी झाली, २०१८ ला निकाल आला, प्रोस्टेट कॅन्सर कमी झाला नाही. डी कमी असेल तर ते हाडांसाठी घ्यायचं, कॅन्सर टाळायला नाही.

बरं गोळ्या नको, मग भाज्या? अमेरिकेत ४७८ पुरुषांवर, सगळे बाबांसारखे लक्ष ठेवलेले, दोन वर्षं चाचणी झाली, एका गटाला फोनवरून सतत मार्गदर्शन करून रोज सात किंवा जास्त वाट्या भाज्या खायला लावल्या. त्यांनी खरंच भाज्या वाढवल्या, रक्तातही ते दिसलं. पण २०२० ला निकाल लागला तो असा की दोन्ही गटांत कॅन्सर पुढे सरकण्यात फरक नाही. हे वाचून मी दोन दिवस उदास होतो, खरं सांगतो, कारण आईने तोवर घरात पालेभाजीचा ढीग लावला होता आणि तिला वाटत होतं ती बाबांना वाचवतेय. तिला मी सांगितलं ते असं की भाजी बंद करायची नाहीये, फक्त तिच्याकडून मागायचं काय ते बदलायचंय. उसळ, आमटी, कोशिंबीर, ज्वारीची भाकरी यांनी पोट लवकर भरतं, साखर एकदम चढत नाही, बीपी-कोलेस्टेरॉल ताळ्यावर राहतं, बद्धकोष्ठ होत नाही आणि तुंबलेलं पोट लघवीच्या पिशवीवर दाब देऊन त्रास वाढवतं तेही टळतं. एवढं खूप आहे. कॅन्सर त्या ताटाने थांबतो असं मात्र नाही.

बाकीच्या पदार्थांचं पटकन सांगतो. टोमॅटोतल्या लायकोपीनबद्दल १९९५ पासून फार आशा होती, नंतरच्या पुराव्यांनी ती बरीच विरली, टोमॅटोचं सार आवडतं म्हणून प्या. दुधाचा संशय आहे, खूप जास्त दूध-चीज खाणाऱ्या देशांत काही अभ्यासांत धोका थोडा वाढलेला दिसतो, पण पक्कं म्हणण्याइतकं नाही, आणि आपल्या वाटीभर दह्याला हे लावून दही तोडायचं कारण नाही. सोयाची पावडर ऑपरेशन झालेल्यांना दोन वर्षं देऊन बघितली, कॅन्सर परत येण्यात फरक पडला नाही. सॉसेज-सलामीसारखं मांस आणि काळं होईपर्यंत भाजलेलं मटण कमी केलेलं बरं, ते आतड्यासाठी तर नक्कीच. भोपळ्याच्या बिया खायला चांगल्या, पण मूठभरच, तेलबी आहे ती. सॉ पामेटो नावाची कॅप्सूल ऑनलाइन "प्रोस्टेट सपोर्ट" म्हणून विकतात, २००६ मध्ये २२५ पुरुषांवर तपासली, खोट्या गोळीपेक्षा काही जास्त केलं नाही तिने.

लक्ष्मणफळावर मात्र थांबतो. मेसेजमध्ये ते केमोपेक्षा दहा हजार पट ताकदीचं वगैरे लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशी मरणं आणि माणसाच्या अंगातला कॅन्सर बरा होणं यात फार अंतर आहे, बशीतल्या पेशी तर साबणाच्या पाण्यानेही मरतात. माणसांवर असा काही गुण सिद्ध झालेला नाही. उलट या फळात आणि पानांत ॲनोनासिन नावाचा मेंदूतल्या पेशींना घातक घटक आहे, आणि कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार जास्त सापडला. काढे-चूर्णं घेताना अजून एक, कॅन्सरच्या आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांशी त्यांचं वाकडं येऊ शकतं, म्हणून काहीही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. बाबा लपवत होते, डॉक्टर रागावतील म्हणून.

चालण्याबद्दल मात्र मनापासून सांगतो. अमेरिकेत २,७०५ कॅन्सर झालेल्या पुरुषांना वर्षानुवर्षं बघितलं, जे आठवड्याला तीन तास किंवा जास्त घाम येईल असा व्यायाम करत होते त्यांच्यात प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याचं प्रमाण ६१ टक्के कमी होतं. दुसऱ्या एका अभ्यासात १,४५५ जणांमध्ये आठवड्याला तीन तास भरभर चालणाऱ्यांचा कॅन्सर पुढे जाण्याचं प्रमाण ५७ टक्के कमी दिसलं, रमतगमत चालणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. आता हे आकडे बघून हुरळून जायचं नाही, कारण हे नुसतं बघितलेलं आहे, ज्याची तब्येत मुळात चांगली तोच जास्त चालणार, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. पण कॅनडात लक्ष ठेवलेल्या ५२ पुरुषांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडून चाचणी केली, निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर जोरात चालवलं-पळवलं, तर त्यांचा पीएसए उतरला आणि त्यांच्या रक्ताने प्रयोगशाळेतल्या कॅन्सर पेशींची वाढ मंदावली. छोटी चाचणी आहे, पण दिशा तीच आहे. बाबा आधी बागेत जायचे ते कट्ट्यावर बसायला. आता आम्ही दोघं सकाळी टेकडीवर जातो, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, गुडघा कुरकुरला की सपाटीवर.

बिडी-सिगारेटचा संबंध फुप्फुसाशी लावतात, प्रोस्टेटशी कुणी लावत नाही. कॅन्सर झाला त्या वेळी सिगारेट ओढत असलेल्यांचा त्याच कॅन्सरने मरण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी जास्त सापडला, आणि सोडून दहा वर्षं झालेल्यांचा जवळपास न ओढणाऱ्यांइतका. म्हणजे पन्नाशीत सोडली तरी उशीर झालेला नसतो.

ज्यांचा कॅन्सर पुढे गेलाय त्यांना हार्मोनचं इंजेक्शन देतात, त्यांच्या खाण्याचं वेगळं आहे. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी दाखवलं की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तोडलं की हा कॅन्सर मागे हटतो, त्यासाठी १९६६ ला त्यांना नोबेल मिळालं, आजही तेच तत्त्व वापरतात. पण टेस्टोस्टेरॉन गेलं की हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, पोट सुटतं, साखर वाढते, गरम वाफा येतात. इथे ताट आणि व्यायाम खरोखर औषधासारखे लागतात. प्रत्येक जेवणात डाळ-उसळ-अंडं-मासा असं काहीतरी प्रथिनांचं, नाचणी (१०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम), तीळ, दही, आणि नुसतं चालणं पुरत नाही, खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं स्नायूंना ओझं देणारं हवं. हाडांची डेक्सा तपासणी विचारून घ्या.

पुरुष ज्याबद्दल बोलत नाहीत तेही लिहितो. ताठरता येत नाही याला लोक वय म्हणतात किंवा लाजून कुठल्यातरी जाहिरातीतल्या दवाखान्यात जातात. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून चरबी साचायला लागली की तिथे आधी कळतं, छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधीसुद्धा. तेव्हा आधी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासा. आणि वीर्य गेलं की ताकद जाते ही जी भीती आपल्याकडे मुलांच्या मनात घातलेली असते तिला काही आधार नाही, उलट ३१,९२५ पुरुषांच्या अमेरिकन अभ्यासात ज्यांचं वीर्यस्खलन महिन्याला २१ किंवा जास्त वेळा होत होतं त्यांच्यात प्रोस्टेट कॅन्सर, महिन्याला ४ ते ७ वेळा होणाऱ्यांपेक्षा, साधारण २० टक्के कमी सापडला. हाही नुसता बघितलेला अभ्यास आहे, पण निदान नुकसान होतं ही भीती तरी जावी.

रात्री उठण्याचा त्रास असेल तर संध्याकाळचा दुसरा चहा सोडून बघा, झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी कमी करा पण दिवसभराचं पाणी तोडू नका, आणि सर्दीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यातल्या काहींनी फुगलेल्या प्रोस्टेटवाल्याची लघवी अडकते, रात्री बारा वाजता नळी घालायला पळावं लागतं. लघवीतून रक्त, लघवी पूर्ण बंद, कंबर किंवा मांडीच्या सांध्यात रात्रीही न थांबणारं दुखणं यावर घरचे उपाय करत बसू नका, आणि कॅन्सर असलेल्या माणसाच्या पायातली ताकद अचानक गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पीएसए करताना दोन दिवस आधी संबंध आणि लांब सायकलिंग नको, लघवीत इन्फेक्शन असेल तर ते बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या. केसांसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर ते सांगाच, त्याने पीएसए निम्मा दिसतो आणि रिपोर्ट नॉर्मल वाटतो. पन्नाशीला डॉक्टरांशी या तपासणीबद्दल बोलावं, वडील किंवा भावाला झालेला असेल तर आधीच, कारण मग धोका दुपटीहून जास्त असतो.

आणि आमच्या डॉक्टरांनी एक विचारलं जे मला सुचलंच नसतं, घरातल्या बायकांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय का? बीआरसीए-२ नावाच्या जीनमधला बिघाड बायकांना स्तनाचा कॅन्सर देतो आणि तोच बिघाड पुरुषांमध्ये जोरदार प्रोस्टेट कॅन्सर देऊ शकतो, आणि तो बापाकडून मुलाकडे-मुलीकडे सारखाच येऊ शकतो. दूध बंद करा म्हणणाऱ्या आमच्या आत्याला एकोणीस वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता, घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. मी तिला परत फोन केला, कितव्या वर्षी झाला, कुठला प्रकार होता विचारलं, ती आधी गप्प झाली, मग कपाटातून जुनी फाइल काढून एकेक कागद वाचून दाखवत बसली. ते सगळं मी लिहून घेतलंय. मला आत्ता ४४ वर्षं झाली, पुढच्या सोमवारी ती वही घेऊन मी डॉक्टरांकडे जातोय, माझ्या पहिल्या पीएसएसाठी.